मत मागायला आलात, तर आधी कुठे होतात ते सांगा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले आणि विषय आमच्यावरच सोपवला. वर्धापनदिनाला विहाराचा इतिहास सांगण्याची रीत आहे. वर्गणी कोणी दिली, विटा कोणी वाहिल्या, मूर्ती कधी बसली, हे सारे इतर मंडळी सांगतीलच. आम्ही आज मताविषयी बोलणार आहोत. कारण जानेवारी २०२६ मध्ये आपल्या शेजारी जालन्यात एक निकाल लागला. दोन दिवस तो वर्तमानपत्रात गाजला, मग मागे पडला. तो मागे पडू देण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते.

आधी घडले काय ते नीट सांगतो. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. त्यात आपले छत्रपती संभाजीनगर होते आणि जालनाही होते. जालना महानगरपालिका झाल्यानंतरची तिथली ही पहिलीच निवडणूक. तिथे प्रभाग क्रमांक १३ मधून श्रीकांत पांगारकर हे अपक्ष म्हणून उभे राहिले आणि भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराला हरवून निवडून आले. शिंदे यांच्या शिवसेनेने त्या जागेवर उमेदवार दिला नव्हता.

हे पांगारकर कोण? पत्रकार गौरी लंकेश यांची ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूमध्ये त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून हत्या झाली. त्या खटल्यातले ते एक आरोपी. ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने त्यांना नालासोपाऱ्याच्या स्फोटकांच्या प्रकरणात अटक केली होती. त्याच्या आधी, २००१ ते २००६ या काळात, ते एकसंध शिवसेनेचे जालन्यातले नगरसेवक होते. पुढे २०११ साली तिकीट मिळाले नाही तेव्हा ते हिंदू जनजागृती समितीत गेले, असे वर्तमानपत्रांनी छापले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्जुन खोतकर यांच्या उपस्थितीत त्यांचा शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश झाला, विधानसभेच्या प्रचाराची जबाबदारीही मिळाली. राज्यभर ओरड झाली तेव्हा दोनच दिवसांत पक्षाने त्या नेमणुकीला स्थगिती दिली. आणि सव्वा वर्षाने तेच गृहस्थ जनतेच्या मताने नगरसेवक झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपण बाबासाहेबांच्या संविधानाची माणसे आहोत. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. पांगारकर यांच्यावर त्या हत्येचा दोष सिद्ध झालेला नाही. निवडणूक लढवण्याचा त्यांना कायद्याने हक्क होता आणि तो त्यांनी बजावला. आपल्या कित्येक पोरांवर आंदोलनात खोटे गुन्हे लागले, वर्षानुवर्षे तारखा पडल्या. तेव्हा आपणच ओरडून सांगत होतो की सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष धरा. तो नियम आपल्या पोरांना एक आणि दुसऱ्याला दुसरा, असे चालणार नाही. तेव्हा हत्येचा प्रश्न न्यायालयाचा. तो तिथेच राहू द्या.

पण मित्रहो, दुसरा एक प्रश्न उरतो आणि तो न्यायालयाचा नाही. हा माणूस कोणत्या संघटनेत होता, तिथे काय शिकला, काय शिकवले, आणि आज त्याविषयी त्याचे म्हणणे काय? हा प्रश्न मतदाराचा आहे. न्यायालय हा प्रश्न विचारत नाही. निवडणूक आयोगही विचारत नाही.

कसे ते बघा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. तेव्हापासून उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. महापालिकेच्या उमेदवारालाही ते द्यावे लागते. त्यात गुन्ह्यांचा रकाना आहे, मालमत्तेचा आहे, शिक्षणाचा आहे. घर किती, जमीन किती, सोने किती तोळे, सगळे लिहावे लागते. पण तुम्ही आधी कोणकोणत्या संघटनेत होतात, हा रकाना त्यात नाही. कोणी दहा वर्षे शेजाऱ्याविरुद्ध विष पेरत हिंडला असेल, पण गुन्हा नोंदला गेला नसेल, तर त्याचे शपथपत्र कोरे आणि स्वच्छ दिसते. सरकारने हा रकाना घालावा असेही आम्ही म्हणत नाही. सरकारच्या हातात तसली यादी गेली तर पहिली नावे कोणाची निघतील ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा रकाना मतदारानेच तोंडी भरून घ्यायचा.

आम्ही सूतगिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. गिरणीत एक दिवसाची बदली द्यायची असली तरी मुकादम विचारायचा, आधी कुठे होतास, कोणत्या खात्यात होतास, का सोडलेस? साच्यावर एक पाळी उभा राहणाऱ्या माणसाला जे विचारले जाते, ते पाच वर्षे आपल्या वस्तीचा कारभार पाहणाऱ्याला विचारायला आपण का लाजतो?

यावर वस्तीतले लोक काय म्हणतात तेही आम्हाला माहीत आहे. "दादा, ते जुनं सोडा. तो रात्री-अपरात्री धावून येतो. टँकर पाठवतो. दवाखान्यात गाडी देतो." हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहिली, जिथे एप्रिल २०२० पासून जवळजवळ पावणेसहा वर्षे नगरसेवकच नव्हते, सगळे प्रशासकाच्या हाती होते, तिथे धावून येणाऱ्या माणसाची किंमत असतेच. गरिबाला ती जास्त असते.

पण नगरसेवक काय करतो ते एकदा मोजा. रस्ता कोणत्या गल्लीचा आधी, ड्रेनेज कोणत्या वस्तीचे आधी, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव पुढे सरकवायचे, हातगाडीवाल्याला उठवायचे की बसू द्यायचे, चौकाला नाव कोणाचे द्यायचे, दोन गल्ल्यांत दगडफेक झाली तर पोलीस ठाण्यात कोणाची बाजू सांगायची. यातले प्रत्येक काम माणसे समोर ठेवून करावे लागते. ज्याने तरुणपणी शिकून घेतले की अमुक जन्माचा माणूस हलका आणि तमुक धर्माचा माणूस शत्रू, त्याने ते शिक्षण टाकून दिले नसेल, तर टँकर आधी कुठे वळेल याचा हिशोब त्याच्या मनात झालेला असतो. आज तो आपल्या गल्लीत येतो, कारण आज त्याला आपली मते हवीत.

आता कोणती संघटना द्वेषाची म्हणायची? इथेही सांभाळून बोलले पाहिजे. आपल्याला न पटणारी प्रत्येक संघटना द्वेषाची नसते. हिंदू जनजागृती समितीवर बंदी नाही. हिंदू राष्ट्र हे आपले ध्येय ती उघड सांगते. ते ध्येय आपल्याला मान्य नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात हिंदू राज हे या देशावरचे मोठे संकट ठरेल असा इशारा देऊन ठेवला आहे. पण विचाराला उत्तर विचाराने द्यायचे. आमची कसोटी साधी आहे. जी संघटना माणसाला त्याच्या जन्मावरून शत्रू ठरवते आणि त्याला धाक घालणे, मारणे हे पुण्याचे काम म्हणून शिकवते, ती द्वेषाची. तिचा झेंडा भगवा असो, हिरवा असो, की उद्या निळा असो.

हिरवा म्हटले म्हणून रझाकारांची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपण मराठवाड्यातले आहोत. १९४७-४८ मध्ये लातूरच्या कासिम रझवीच्या रझाकारांनी या भागात काय केले ते आपल्या आज्यापणज्यांनी सोसले. बाबासाहेबांनी तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आपल्या लोकांना स्पष्ट कळवले होते की निजामाच्या बाजूने उभे राहू नका. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, रझाकार संपले. पण त्यानंतर काय झाले? ज्यांनी कधी बंदूक पाहिली नव्हती अशा गरीब मुसलमानांवर गावोगाव सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने त्याची नोंद करून ठेवली आहे. काही माणसांच्या पापाचा शिक्का सबंध जमातीवर मारला की असे होते.

तोच शिक्का आजही निवडणुकीत वापरतात. मजलिस हा पक्ष १९५८ मध्ये नव्या घटनेने पुन्हा उभा राहिला. २०१९ मध्ये त्यांचे इम्तियाज जलील वंचित बहुजन आघाडीच्या साथीने इथून खासदार झाले. १९६८ साली जन्मलेल्या या माणसालाही प्रचारात रझाकार म्हटले गेले. रझाकार संपल्यानंतर वीस वर्षांनी जन्मलेला माणूस रझाकार कसा? त्याच्या पक्षाच्या आजच्या धोरणावर खुशाल टीका करा, आम्हीही करतो. पण ज्याचा त्याचा हिशोब त्याच्या स्वतःच्या कर्माचा. बाप कोण, जात कोणती, धर्म कोणता, यावरून कोणाचा भूतकाळ ठरवायचा नाही. आपल्यावर दोन हजार वर्षे तेच केले गेले, ते आपण कोणावर करायचे नाही. प्रश्न विचारायचा तो एवढाच की बाबा रे, तू स्वतः, वयात आल्यावर, समजून-उमजून कुठे होतास?

मग पुढचा प्रश्न येतो. एकदा होता म्हणजे जन्मभराचा डाग का? माणूस बदलत नाही का?

हा प्रश्न या विहारात विचारायचा तर उत्तर तथागतांनी देऊन ठेवले आहे. अंगुलिमालाची गोष्ट लहान पोरांनाही पाठ आहे. माणसे मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर भगवंतांसमोर बदलला. पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो. त्याने आधी शस्त्र फेकले, मग संघात आला. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. त्याच्यासमोर भगवंतांनी अंगुलिमालाला लपवले नाही, नाव बदलून ठेवले नाही. हात पुढे करून दाखवले की हाच तो. आणि पुढे ऐका. अंगुलिमाल भिक्षेला गेला तो दूरच्या गावी नाही, त्याच श्रावस्तीत गेला. लोकांनी ढेकळे मारली, काठ्या मारल्या. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. भगवंत म्हणाले, सहन कर. त्याने राजाकडे संरक्षण मागितले नाही आणि श्रावस्तीच्या लोकांकडे अधिकारपदही मागितले नाही. म्हणजे धम्मात परिवर्तनाचे दार उघडे आहे. त्या दारातून येताना मात्र शस्त्र बाहेर टाकावे लागते आणि आपण कोण होतो ते झाकता येत नाही.

ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीची झाली असे कोणी म्हणेल. म्हणून अमेरिकेची तीन माणसे सांगतो. तिथे काळ्या लोकांना जाळणारी, फासावर लटकवणारी कू क्लक्स क्लॅन नावाची गोऱ्यांची संघटना होती. आपल्याकडच्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या लोकांनी हाच गोरा वर्णद्वेष सोसला.

पहिला माणूस ह्यूगो ब्लॅक. १९२३ ते १९२५ क्लॅनचा सभासद होता. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला आणि वर्तमानपत्राने जुने प्रकरण बाहेर काढले. तेव्हा त्याने रेडिओवरून सबंध देशाला सांगितले की होय, मी सभासद होतो आणि मी राजीनामा दिला. तसे पाहिले तर पेपरात आल्यावर बोलला, आणि माफीही मागितली नाही. पण १९५४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा एकमताचा निकाल लागला, तेव्हा त्या निकालात हा न्यायाधीश सामील होता.

दुसरा रॉबर्ट बर्ड. १९४० च्या दशकात त्याने स्वतः क्लॅनची शाखा काढली. पुढे सिनेटर झाला. १९६४ मध्ये काळ्यांना हक्क देणारा नागरी हक्कांचा कायदा आला, तेव्हा तो अडवण्यासाठी चौदा तासांहून जास्त बोलत उभा राहिला. म्हणजे संघटना सुटली होती, पण मनातली सुटली नव्हती. नंतरच्या आयुष्यात मात्र ती आपली सर्वांत मोठी चूक होती असे तो पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगत राहिला.

तिसरा डेव्हिड ड्यूक. १९७० च्या दशकात क्लॅनचा पुढारी. १९८९ मध्ये लुइझियाना राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. आपण बदललो, असे सांगत फिरायचा. पण त्याच साली एका जागरूक बाईने त्याच्या कार्यालयात जाऊन पाहिले, तर तिथे हिटलरचे पुस्तक विकायला ठेवलेले! तिने ते विकत घेतले आणि लोकांपुढे मांडले. १९९१ मध्ये तो गव्हर्नरपदाला उभा राहिला. तेव्हा काळे मतदार रांगा लावून बाहेर पडले आणि ड्यूक पडला. पण पडताना त्याला ३९ टक्क्यांच्या आसपास मते होती, हेही विसरू नका.

तीन माणसे, एकच संघटना, तीन वेगळे हिशोब. म्हणून सगळ्यांना एका दोरीने बांधायचे नाही, आणि कोणालाही न विचारता सोडायचेही नाही.

आम्ही चार प्रश्न काढले आहेत. ते पोरांनी वहीत उतरवून घ्यावेत. एक, तुम्ही आजवर कोणकोणत्या संघटनेत होतात आणि तिथे काय काम केले? दोन, ती सोडली असेल तर केव्हा सोडली आणि का सोडली? तिकिटासाठी सोडली, की विचार बदलला म्हणून? तीन, तिथे असताना ज्या लोकांविरुद्ध बोललात, त्या लोकांच्या वस्तीत जाऊन आज वेगळे काही बोलला आहात का? आमच्यासमोर गोड बोलणे सोपे आहे. चार, सोडल्यानंतर काय केले? एक तरी काम दाखवा.

हे प्रश्न सगळ्यांना सारखे. पांढऱ्या टोपीवाल्याला, भगव्या उपरण्यावाल्याला, हिरव्या झेंड्यावाल्याला आणि निळे उपरणे गळ्यात घालून आलेल्या आपल्या माणसालाही. तो आपल्या आत्याचा पोरगा असला तरी.

नामांतराच्या वेळी कोण कुठे उभे होते, हे या शहराला नव्याने सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. गावात पोचिराम कांबळेंसारखी माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे गेली. ज्यांचा त्या नावाला विरोध होता, त्या पक्षांची मंडळीही पुढे विद्यापीठाच्या गेटवर वंदनाला येऊ लागली. आपण त्यांना हाकलले नाही, तो आपला संस्कार नाही. पण त्यांतल्या कितीजणांनी गेटवर उभे राहून सांगितले की तेव्हा आमचे चुकले? हार घालणे म्हणजे उत्तर देणे नव्हे.

आता शेवटचे, आणि हे बायामाणसांनी जास्त लक्ष देऊन ऐकावे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने सचिन अंदुरे आणि शरद कळसकर या दोघांना जन्मठेप सुनावली, इतर तिघांना निर्दोष सोडले. हे दोघे कुठले? आपल्याच जिल्ह्यातले. अंदुरे इथे कापडाच्या दुकानात कामाला होता, कळसकर दौलताबादकडच्या खेड्यातला. कोणा बड्या घरची ही पोरे नव्हेत. आपल्यासारख्याच कष्टकरी घरातली. पोराला काम नसते, मान नसतो, आणि कोणीतरी येऊन त्याला सांगतो की तुझ्या दुःखाला अमुक माणूस कारण आहे. तिथून सुरुवात होते. आपल्या पोरांकडेही अशी माणसे येतात. मोबाईलवरून येतात, मिरवणुकीच्या डीजेवरून येतात. आपला पोरगा कोणाबरोबर बसतो-उठतो हे जसे आपण विचारतो, तसेच त्याला कोणाविरुद्ध भडकवले जाते आहे तेही विचारा. उमेदवाराला चार प्रश्न विचारायचे, तर घरात पहिला प्रश्न विचारायला लागू.

कामाचे एक सांगून थांबतो. आचारसंहितेत धर्मस्थळावर प्रचाराला मनाई आहे आणि ती योग्य आहे. विहारात आपण कोणाचाही प्रचार होऊ देऊ नये. पण समाजमंदिरासमोरच्या पटांगणात सतरंजी टाकायला कोणाची मनाई नाही. पुढच्या निवडणुकीला, परवानगी काढून, सर्व उमेदवारांना तिथे एका दिवशी बोलवावे. हार नाही, नारळ नाही, पाकीट तर नाहीच. महिला मंडळाने चार प्रश्न विचारावेत, तरुणांनी उत्तरे लिहून घ्यावीत आणि ती फळ्यावर लावावीत. जो येणार नाही, त्याच्या नावापुढे 'आले नाहीत' एवढेच लिहावे. मत कोणाला द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे, तो गुप्त मतदानाचा हक्क आहे. आपल्याला फक्त एवढे करायचे आहे की उद्या कोणी म्हणू नये, "आम्हाला ठाऊक नव्हतं."

जालन्याच्या प्रभाग १३ मधल्या मतदारांनी हे विचारले की नाही, ते त्यांचे ते जाणोत. आपल्या प्रभागात ते विचारले गेले पाहिजे. बाबासाहेबांनी प्रत्येकाला एक मत दिले आणि त्या मताची किंमत राजाच्या आणि रंकाच्या बाबतीत सारखी ठेवली. ते देण्याआधी समोरच्याची चौकशी करणे हा त्या किमतीचाच भाग आहे.



जयभीम! नमो बुद्धाय! जय संविधान!